वासोटा ते रायरेश्वर: पाच दिवस, पाच माथे

सातारा शहरात कुठल्याही चौकात मान वर केली की डोंगर दिसतो, त्यामुळे इथल्या माणसाला डोंगराचं फारसं अप्रूप नसतं. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणाऱ्यांतले कितीतरी जण वासोट्याला आयुष्यात एकदाही गेलेले नसतात. अडचण उंचीची नाही. वासोटा, नागेश्वर, कमळगड, केंजळगड आणि रायरेश्वर या फेरीतला एकही माथा महाबळेश्वरच्या १४३८ मीटरांपलीकडे जात नाही आणि कुठेही दोर बांधून चढावं लागत नाही. माणसाला अडवतात ते घड्याळ आणि पाणी. कोयनेच्या बाजूला होडीची वेळ आणि वनखात्याचा परवाना दिवस ठरवतात, वाईच्या बाजूला पाण्याची बाटली. म्हणून या टिपणात किती मीटर चढलो यापेक्षा किती वाजले आणि बाटलीत किती उरलं, याचाच हिशेब जास्त आहे.

फेरी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली, पाच जणांची. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहापर्यंत मावळतो, म्हणजे उजेडाचे अकरा तास हातात. पावसाळ्यात कोयनेचं अभयारण्य बंद असतं. दिवाळीनंतर वाटा कोरड्या होतात, पण गवत अजून माणसाच्या छातीला लागतं. मार्चनंतर ओढे आटतात आणि ऊन भाजून काढतं. या दोन्हींच्या मधले डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरे.

सामानाबद्दल थोडं आधीच. पाणी माणशी तीन लिटर, तेही एका भांड्यात नको. एक बाटली गळली किंवा दरीत गेली तर दुसरी उरली पाहिजे. अभयारण्यात प्लॅस्टिकची बाटली मोजून घेतात, म्हणून स्टीलच्याच न्याव्यात. ओआरएसची पाकिटं माणशी दोन. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते अर्ध्या बाटलीत कोंबून प्यायलं तर तहान वाढते आणि पोट बिघडतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खाण्यात पहिल्या दिवशी ज्वारीची भाकरी चालते, दुसऱ्या दिवशी ती वातड होते. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. कंदी पेढे सातारकर नेणारच, पण ते चढावर खायचे नाहीत, नुसती तहान लागते.

बुटांची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित. वर्षभर माळ्यावर पडून राहिलेल्या बुटाचा पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत आतून सडतो. वरून बूट नवा दिसतो आणि दोन तास चालल्यावर तळ जिभेसारखा लोंबायला लागतो. निघण्याआधी आठवडाभर ते बूट घालून शहरात हिंडावं, अंगठ्याने तळ दाबून पाहावा, भुगा निघाला तर तिथेच टाकून द्यावेत. तरीही सॅकमध्ये चार केबल टाय आणि चिकटपट्टीची गुंडाळी असावी. सुटलेला तळ त्यांनी आवळला तर माणूस गावापर्यंत येतो.

दिवस पहिला: अजिंक्यतारा, कास, बामणोली

पहाटे अजिंक्यतारा. हा दिवस पायांना आठवण करून देण्यापुरता. शहरातून पायी तासाभरात दरवाजा, वर मंगळाईचं मंदिर, जुनी तळी, दूरदर्शनचा मनोरा. दक्षिणेच्या तटावरून सज्जनगड आणि उरमोडीचं पाणी दिसतं. कुणाची टाच घासतेय, कुणाच्या सॅकचा पट्टा खांद्यात रुततोय, ते इथेच कळावं. वासोट्याच्या जंगलात कळून उपयोग नाही.

दुपारी यवतेश्वरच्या घाटाने कास. साताऱ्याहून बामणोलीपर्यंतचं अंतर सदतीस-अडतीस किलोमीटर, एसटी जाते, पण गाड्या मोजक्या. जानेवारीत कासचं पठार तपकिरी असतं. फुलांचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर. तरी थांबण्यासारखं आहे, कारण पठाराची घडण याच दिवसांत उघडी दिसते. वर जांभ्याचा कडक थर, त्यावर काही बोटं जाडीची माती. झाडाच्या मुळाला खाली जायला वाव नाही, म्हणून मोठी झाडं नाहीत. पावसात साचणारं पाणी आणि तेवढीशी माती यांवर जगणाऱ्या छोट्या वनस्पतीच इथे टिकतात. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत आल्या त्यांत कास आहे, कोयना आहे आणि सांगली जिल्ह्याच्या कडेचं चांदोलीही आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. उद्या आपण कुणाच्या घरात शिरतोय, याची कल्पना असलेली बरी.

कास ओलांडून उतरलं की शिवसागर जलाशय. कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी २१६३ फूट. पावसाळ्यानंतर ती उतरत जाते, कारण हे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेऊन वीज करतात. चालणाऱ्याला याचा संबंध थेट लागतो: नोव्हेंबरात होडी झाडीला टेकते, एप्रिल-मेमध्ये चिखलाच्या उघड्या उतारावर उतरून कितीतरी जास्त चालावं लागतं.

मुक्काम बामणोलीत, पाण्याकाठी तंबू. काठावर थंडी गावापेक्षा जास्त असते आणि तंबूच्या आत दव धरतं. तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवली तर झोपायच्या पिशव्या ओल्या होत नाहीत. होडीचं रात्रीच ठरवून टाकावं. इथे बोट क्लबचे ठरलेले दर आहेत आणि भाडं होडीचं असतं, माणसाचं नाही. पाच जणांपेक्षा दहा-बारा जणांची मोट बांधली तर खर्च निम्म्यावर येतो. ओळखपत्राच्या प्रती सोबत हव्यात.

दिवस दुसरा: वासोटा

साडेसहाला वनखात्याच्या खिडकीपाशी. सुट्टीच्या दिवशी इथली रांगच तास खाते, आणि तो तास संध्याकाळी कुणी परत देत नाही. नावं, माणशी शुल्क, कॅमेऱ्याचं शुल्क, प्लॅस्टिकची मोजदाद आणि तिची अनामत. बिस्किटाचे पुडे घरूनच फोडून कापडी पिशवीत भरून आणले तर ही मोजदाद दोन मिनिटांत उरकते.

धुकं असलं की होडी लगेच सुटत नाही. नावाडीमामांना घाई करू नये. धुक्यात काठ दिसत नाही आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली असतात. पावणेआठला होडी निघाली. सव्वा तासाचा प्रवास, वाऱ्याने बोटं गारठतात, कानटोपी इथेच लागते. उतरताना मामांनी बजावलं, "पाचाच्या आत काठावर पाहिजे बगा सगळी. मागनं हाका मारत बसायला मी येणार न्हाई."

मेट इंदवलीला नऊ. धरणाच्या पाण्याने इथली गावं उठली. आज वाटेच्या सुरुवातीला जोती, आंब्याची जुनी झाडं आणि वनखात्याची चौकी. पुन्हा नोंद होते. इथून वाट सुरू होते ती सरळ जंगलात: जांभूळ, अंजन, हिरडा, पिसा, वर एवढं दाट छत की दहा वाजताही उन्हाचे फक्त ठिपके पडतात. वीसेक मिनिटांत ओढा. काठावर मारुती आणि गणपती. जानेवारीत पाणी असतं. बाटल्या इथे भराव्यात, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबावं. पुढे गडावरच्या टाक्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही.

ओढ्यानंतरचा चढ सलग आहे. उंची पाचशे-सहाशे मीटर मिळवायची, अंतर पाच किलोमीटरच्या आत. सह्याद्रीतल्या दमट चढावर तासाला तीनशे मीटर हा सर्वसाधारण माणसाचा प्रामाणिक वेग समजावा. लोक पहिल्या अर्ध्या तासात धावतात आणि तिसऱ्या अर्ध्या तासात बसतात. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे, ही साधी खूण पुरते. पन्नास मिनिटं चालून पाच मिनिटं उभ्यानेच थांबावं. सॅक काढून बसलं की घाम गार होतो आणि मांड्या आखडतात.

या जंगलात गवा, अस्वल, सांबर, भेकर, बिबट्या सगळे आहेत. दिसतं ते बहुधा शेकरू, तेही आवाजावरून. धोका अस्वलाचा आणि गव्याचा, दोन्ही वेळा कारण एकच: वळणावर अचानक समोरासमोर गाठ पडणं. म्हणून पुढच्याने हळू बोलत राहावं, वळण घेण्याआधी काठी दगडावर ठोकावी. मोबाइलवर गाणी लावणं वेगळं, त्याने जनावर तर जातंच, मागचा माणूस घसरला तरी ऐकू येत नाही.

चढाचा मोठा भाग संपता संपता नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा येतो. चुकामूक होते ती इथेच, कारण गट लांबलेला असतो आणि मागचे पुढच्यांच्या पाठी न पाहता पायवाटेच्या पाठी जातात. फाट्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत पहिल्याने थांबायचं, हा नियम एवढ्या एका जागेसाठी पाळला तरी पुरे. यानंतर जंगल विरळ होतं, दगडात कोरलेल्या पायऱ्या आणि पडके दरवाजे लागतात. माथा अकरा-दहाला.

समोर बिनछपराचा मारुती. इथून तीन वाटा फुटतात. सरळ वाट वाड्याच्या जोत्यांकडे. उजवीकडची महादेवाच्या मंदिरावरून पुढे काळकाईच्या ठाण्याकडे, ही गडाची माची. तिथून चकदेव, महिपतगड, सुमारगड, रसाळगड ओळीने ओळखता येतात आणि मागे वळलं की जलाशय. डावीकडची जोडटाक्यांवरून झाडीत शिरते आणि बाबूकड्यावर निघते. वेळ कमी असेल तर माची सोडावी, बाबूकडा सोडू नये.

बाबूकडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखी आत वळलेली सरळसोट भिंत. खाली कोकण, समोर जुना वासोटा. काठाशी वाळलं गवत असतं आणि ते तेलासारखं निसरडं. काठापासून दोन माणसांएवढं अंतर ठेवून बसावं, वाकून पाहायचंच तर पोटावर झोपून, कुणीतरी पाय धरून. प्रतिध्वनी ऐकायला आरडाओरडा करण्याची इथे रीत पडली आहे, ती मोडलेली बरी. कड्याला आग्यामाशांची पोळी असतात. अत्तर, डिओ, धूर आणि गोंगाट या चार गोष्टींनी त्या उठतात. उठल्याच तर हात हलवत उभं राहायचं नाही. तोंड-मान कापडाने झाकून दाट झुडपात शिरायचं किंवा झाडीतल्या वाटेने लांब पळायचं, कड्याच्या उलट दिशेने. दंश झाला तर काटा लगेच काढावा, नखाने खरवडून किंवा चिमटीत धरून, कसाही. उशीर केला तर जास्त विष आत जातं.

समोरच्या जुन्या वासोट्याकडे पाहिलं की या गडाचं दुबळेपण कळतं. तो जास्त उंच आहे आणि तोफेच्या टप्प्यात आहे. ताई तेलिणीने हाच गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेविरुद्ध कित्येक महिने लढवला होता. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या जनरल प्रिट्झलरने मात्र त्या समोरच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि गड लगेच पडला. साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंब तेव्हा इथेच ठेवलेलं होतं. जुन्या वासोट्यावर आता वाट नाही, काटेरी रान आणि जनावरांचा वावर आहे. जाऊ नये.

जेवण जोडटाक्यांपाशी सावलीत. पावणेदोनला उतार सुरू, साडेतीनला चौकी, अनामत परत, चारला होडी. एक तास हाताशी राहिला आणि तो मुद्दाम ठेवलेला होता. उतारावर एका माणसाचा घोटा मुरगळला तर गटाचा वेग निम्मा होतो. तेवढी जागा वेळापत्रकात नसेल तर ते वेळापत्रक नव्हे, नवस आहे.

दिवस तिसरा: नागेश्वर

वासोटा आणि नागेश्वर एकाच दिवसात करणारे पुष्कळ आहेत. चालायला आठ-नऊ तास लागतात. पाचच्या मर्यादेत ते जेमतेम बसतंही, पण मग दोन्हीकडे नुसता हात लावून परत फिरल्यासारखं होतं. आम्ही दोन दिवस केले. होडीचं भाडं आणि परवाना दुसऱ्यांदा भरावा लागतो, ही त्याची किंमत.

मेट इंदवलीपासून नागेश्वर आठेक किलोमीटर. ओढा आणि फाट्यापर्यंत कालचीच वाट. आज ती पंधरा मिनिटं लवकर संपली, पाय बसल्यामुळे. फाट्यानंतरचं जंगल मात्र वेगळं. इथे माणसांची वर्दळ कमी, वाट अरुंद आणि कारवीतून जाणारी. जानेवारीत त्रास होतो तो खाजकुयलीचा. तिच्या शेंगा याच दिवसांत वाळतात, वारा आला की त्यांवरची सोनेरी लव उडते आणि मानेवर, मनगटावर बसते. चोळलं की संपलं, पसरत जाते. पाण्यानेही लगेच धुऊ नये. चिकटपट्टी हलक्या हाताने दाबून ओढायची, म्हणजे लव तिच्याबरोबर येते. पट्टी नसेल तर ओला चिखल थापून वाळू द्यायचा आणि खरवडायचा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गळ्याला पंचा असेल तर हे सगळं टळतं. अर्ध्या विजारीत येणाऱ्यांना काय सांगणार.

झाडीतून बाहेर पडलं की वाट सह्याद्रीच्या धारेवर येते. उजव्या-डाव्या हाताला एका बाजूला कोयनेचं खोरं, दुसऱ्या बाजूला कोकणाची खोल दरी, मधे पायवाट. सावली संपते. या धारेवर वारा असल्यामुळे घाम येतोय हे कळत नाही आणि माणूस पाणी प्यायचं विसरतो. दर वीस मिनिटांनी चार घोट, तहान लागो न लागो. दुपारी डोकं दुखायला लागलं तर ते बहुधा नुसत्या उन्हाने नव्हे, सकाळी न प्यायलेल्या पाण्याने.

शेवटचा टप्पा डोंगराच्या कुशीतून आडवा जातो. पायऱ्या आहेत, दरीच्या बाजूला लोखंडी कठडे आहेत. कठड्याचा आधार घ्यावा, त्यावर भार टाकू नये. पावसात गंजलेलं लोखंड वरून रंगवलेलं असलं तरी पायथ्याशी कच्चं असू शकतं. गुहेत महादेव. छतातून पाण्याचे थेंब सतत पिंडीवर ठिबकतात. दगडाच्या भेगांत पावसाचं पाणी मुरून राहतं आणि कोरड्या महिन्यांतही सावकाश झिरपत येतं, एवढीच त्यामागची गोष्ट, पण गुहेच्या गारव्यात ती टप-टप ऐकत बसलं की उठवत नाही. अंगणातून दरीच्या तळाशी चोरवण्याची घरं दिसतात, ते रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड तालुक्याचं गाव. महाशिवरात्रीला तिकडून रात्रभर माणसं चढतात. त्या दोन दिवसांत केवळ चालायला म्हणून येऊ नये.

चोरवण्यात उतरता येतं, अडीच-तीन तास, अत्यंत उभं. मग गाडी खेड-चिपळूणकडून फिरून येते आणि होडीला परतीचं नाही म्हणून आधी सांगावं लागतं. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी हा विचार सोडावा. आम्ही आल्या वाटेने परतलो.

उतरण्याचं तंत्र इथे सांगायला हवं, कारण या फेरीत जायबंदी होण्याची शक्यता आहे ती चढताना नाही. मुरमाच्या घसाऱ्यावर टाच आधी रोवायची, शरीर किंचित पुढे. भीतीने मागे रेललं की पाय निसटतो आणि माणूस बुडावर बसतो. कातळाच्या सपाट उतारावर उलट, पूर्ण तळवा टेकवायचा. वाळक्या पानांच्या गादीवर पाय टाकण्याआधी काठीने चाचपायचं, खाली गोल दगड असतो. पावलं छोटी, गुडघे सैल. बुटाची नाडी उतारावर घोट्याशी आवळावी, नाहीतर अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.

चार-वीसला चौकी. होडीतून परत, बामणोलीत चहा, रात्री साताऱ्यात मुक्काम. थेट वाईला जाण्याचा मोह होतो, पण दोन दिवस चाललेल्या माणसाने रात्री घाटात गाडी चालवू नये.

दिवस चौथा: कमळगड

पहाटे सातारा सोडून तासाभरात वाई. मेणवलीवरून धोम धरणाच्या कडेने वासोळे. कृष्णा आणि वाळकी या दोन खोऱ्यांच्या मधे उभी असलेली डोंगररांग पश्चिमेला कोळेश्वरच्या पठाराला जाऊन मिळते. कमळगड तिच्या पूर्वेच्या अंगाला. नांदगण्याकडूनही वाट आहे, गोरक्षनाथाच्या मंदिरावरून येणारी. दोन गाड्या असतील तर एकीकडून चढून दुसरीकडे उतरावं.

इथे होडी नाही, फाटक नाही, घड्याळ मोकळं. पाण्याची तंगी मात्र आहे. गावातल्या घरी विचारून बाटल्या गच्च भराव्यात, मावशी नाही म्हणत नाहीत. अडीच तासांच्या चढात सुरुवातीचा तासभर उघड्या धारेवरचा, म्हणून तो नऊच्या आत संपवायचा. मग सपाटी, त्यानंतर दाट झाडी. झाडीत ढोरवाटा इतक्या की मुख्य वाट कोणती ते कळत नाही. अंदाज असा: ढोरवाट उंची न मिळवता आडवी जात राहते आणि मधेच विरते. दहा मिनिटं चालून चढ लागला नाही तर परत फिरावं, पुढे रेटू नये. खुणेसाठी फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवावा, वर रेंजचा भरवसा नाही.

माथ्याला चहूबाजूंनी ताशीव कडा, वर जायला कड्यातल्या चिंचोळ्या जागेत लोखंडी शिडी. शिडीवर एका वेळी एकच माणूस. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन टेकू कायम हवेत. सॅकच्या बाजूच्या खिशातली बाटली आधी आत टाकायची. ती निसटली की खालच्याच्या डोक्यावर, आणि लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली म्हणजे दगडच.

वर सपाट गवताळ माथा आणि मधोमध गेरूची विहीर, जिला कावेची विहीरही म्हणतात. जमिनीत सरळ चिरत गेलेल्या पन्नासेक पायऱ्या. उतरत जावं तसा गारवा वाढतो आणि तळाशी कपारींमधे ओलसर लाल माती. बोट लावलं की रंगतं. सह्याद्रीत दोन लाव्हाथरांच्या मधे असे तांबडे पट्टे जागोजागी दिसतात, पण त्यांच्या पोटात शिरून पाहायला मिळतं ते इथे. पायऱ्या शेवाळलेल्या, बॅटरी हवीच. नाव विहीर असलं तरी पिण्याच्या पाण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

माथ्यावरून धोमचं पाणी, पाचगणीचं टेबललॅण्ड, उत्तरेला केंजळगड आणि त्याच्या शेजारी रायरेश्वराचं लांबच लांब पठार. उद्याची वाट इथून नजरेने चालून घ्यावी. केंजळगड म्हणजे वर ठेवलेली काळी टोपी, तिच्या डावीकडे रायरेश्वर, मधे खिंड.

उतरायला पावणेदोन तास. मुक्काम वाईत.

दिवस पाचवा: केंजळगड, रायरेश्वर

वाईहून खावलीकडून गाडी वर चढते आणि चाल बरीच कमी होते. पायी चढणाऱ्यांना खावलीतून दीड-दोन तास. आधी केंजळगड, मग धारेने रायरेश्वर, हाच क्रम बरा, कारण जेवण रायरेश्वरावर मिळतं.

केंजळगडाच्या वरच्या कड्यात कोरलेल्या पन्नासवर पायऱ्या आहेत. अखंड कातळात खोदलेल्या, रुंद, पण उंचीला बेतास बात नाहीत, एकेक पायरी गुडघ्याला येते. चढताना गंमत वाटते. उतरताना त्यांवर साचलेली बारीक खडी पायाखाली गोळ्यांसारखी फिरते. तोंड कड्याकडे करून, शिडी उतरावी तसं उतरायचं. लाज वाटण्याचं काही कारण नाही. वर चुन्याचा घाणा, कोठाराच्या भिंती, केंजाई देवी. तासाभरात गड पाहून होतो.

खाली येऊन धारेने पश्चिमेकडे. मधे सूणदऱ्याची खिंड. इथे जिल्ह्याची हद्द सरते आणि भोर तालुका लागतो. दीड-दोन तास, ऊन, थोडी रामेठ्याची झुडपं. त्याची पानं-फुलं हाताळून तोच हात तोंडाला लावू नये, झाड विषारी आहे. शेवटी कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. शनिवार-रविवारी इथे चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात. उतरणाऱ्याला आधी वाट द्यावी, अर्ध्यात थांबणं त्याला जास्त अवघड असतं.

वर मैलोगणती पठार, भातखाचरं, जंगम मंडळींची घरं. महादेवाचं मंदिर साधं, दगडी, आत गारवा. शिवाजी महाराजांनी १६४५ मध्ये स्वराज्याची शपथ इथे घेतली अशी परंपरा आहे, त्यामुळे मंदिरात शांतता अशी फार वेळा मिळत नाही. पठाराच्या पश्चिम टोकाला नाखिंद म्हणून आरपार भोक असलेला कडा आहे. जाऊन-येऊन दिवसाचा बराच भाग जातो, म्हणून त्यासाठी पठारावर मुक्कामच करावा. एका दिवसात केंजळ, रायरेश्वर आणि नाखिंद बसवू पाहणाऱ्यांना शिड्या अंधारात उतराव्या लागतात.

जेवण घरगुती: पिठलं, नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, ठेचा, दही. मात्र आल्याबरोबर सांगावं लागतं. "किती जण हायसा?" एवढा एकच प्रश्न येतो, आणि उत्तर दिल्यापासून ताट समोर यायला तासभर धरावा. चूल पेटवून भाकरी भाजली जाते, फ्रीजमधून काढली जात नाही. तेवढ्या वेळात पठारावरची रंगीत माती पाहून होते.

शिड्या उतरायला साडेतीनला सुरुवात करावी. गाडी खिंडीत ठेवली असेल तर पाऊण तासात तिच्यापाशी. ती केंजळगडाखाली ठेवली असेल तर आल्या धारेने पुन्हा दीड तास, म्हणून गाडीवानदादांना सकाळीच खिंडीकडे पाठवून द्यावं आणि त्यांच्यासाठी दोन दशम्या मागे ठेवाव्यात.